फितुराच्या घरचं तेल

कळंब, १२ ऑक्टोबर २०२४, दसरा

शंभू,

तुझा फोन सगळ्यांचा लागतो, माझाच लागत नाही. तुझ्या अयोध्यावहिनीच्या फोनवरून लावून पाहिला, तर माझा आवाज ऐकल्यावर तिचाही बंद झाला. बिचारी म्हणते, माझं काय चुकलं होतं. व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांपुढं एकच टिक येते आणि तिथंच बसून राहते. म्हणून पत्र लिहितो आहे. कलबुर्गीतल्या तुझ्या दुकानाचा पत्ता एका जुन्या लग्नपत्रिकेवर सापडला. सोबत आपट्याचं पान ठेवलं आहे. ते तरी परत पाठवू नकोस.

बातमी अशी, की कादंबरीची सातवी आवृत्ती निघाली. माझं लिहिणं तुला माहीतच आहे. आजवर मी पाण्याच्या टँकरवर, शाळेच्या गळक्या खोल्यांवर, बदलीच्या भानगडींवर कथा लिहिल्या. त्या तू वाचल्यास आणि मुद्रितं तपासणाऱ्यानं वाचल्या, त्यानंही पगार मिळतो म्हणून. आणि ही एक लढाई लिहिली, तर परवा मोंढ्यात एका हमालानं पोतं खाली ठेवून मला थांबवलं. म्हणाला, "सर, दौलोजीला मारायलाच पायजे व्हतं का हो?" त्याचे डोळे भरले होते. मी ज्वारी घ्यायला गेलो होतो, ती न घेताच घरी आलो.

तू वाचली असशीलच. नसशील, तर थोडक्यात सांगतो. दौलोजी नावाचा वीर मूठभर माणसांनिशी गढी लढवतो. दरवाज्यावरचा राखणदार बसाप्पा फितूर होतो आणि आतून दार उघडतो. दौलोजी पडतो. त्याच्या नावानं दगड उभा राहतो. दगड मी आपल्या जुन्या गावठाणातलाच घेतला आहे, म्हणजे आपला वीरगळ, ज्याला तुमचं घर दर येळवसला, मार्गशीर्ष अमावास्येची शेतातली पूजा आटोपून, तेल घालतं. गावातल्या पोरांना त्याचं फार अप्रूप वाटतं आहे. एवढी वर्षं कुत्रं विचारत नव्हतं त्या दगडाला.

अयोध्या म्हणते, शेवटच्या प्रकरणावरून तू रागावला असशील. मी म्हटलं, शंभू शहाणा आहे, त्याला कादंबरी कळते. गावाचं नाव मी कुठंही घातलेलं नाही. तुमचं आडनावही नाही.

एकदा फोन कर.

तुझाच,
इंद्रजित


कळंब, १० नोव्हेंबर

शंभू,

उत्तर नाही. दुकानात दिवाळीची गर्दी असेल असं धरून चालतो.

भाऊबीजेनंतर गावाकडं जाऊन आलो. माकणीच्या पुढं रस्ता बरा झाला आहे. युवराजनं बोलावलं होतं. लिंबाजीचा थोरला, उसाचा ट्रॅक्टर चालवतो तो. शाळेत त्यानं पाठ्यपुस्तकही धड उघडलं नव्हतं. माझी कादंबरी मात्र त्यानं कारखान्याच्या रांगेत ट्रॉलीवर बसून वाचली, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली, आणि आता दौलोजीची भाषणं तो न अडखळता म्हणून दाखवतो. शंभू, मी शिक्षक आहे. ज्या पोराला वाचायला लावणं कुणाला जमलं नाही, तो माझं पान तोंडपाठ म्हणतो, तेव्हा काय वाटत असेल याचा विचार कर.

पोरांनी ठरवलं आहे, की यंदाच्या येळवसला वीरगळापुढं मोठा कार्यक्रम करायचा. मंडप, स्पीकर, तोफांच्या आवाजासाठी तेरखेड्याहून फटाके. प्रमुख पाहुणा मी. शेवटी शेवटचं प्रकरण करून दाखवायचं. त्यात बसाप्पाच्या वंशातला माणूस उघड्या डोक्यानं, अनवाणी येतो, पूर्वजाच्या पापाची दगडापुढं माफी मागतो आणि मग तेल घालतो. हे सोंग कोण करणार, असं मी विचारलं.

युवराज म्हणाला, "सोंग कशाला सर? खरं मानूस हाय की. म्हालिंगप्पा हायत."

तुझ्या आप्पांचं नाव ऐकून मी हसलो. पोरंही हसली. नंतर त्यांच्यातल्या एकानं तुमच्या घराला एक नाव घेतलं, ते इथं लिहीत नाही. पोरं आहेत, चेष्टा करतात. मनावर घेऊ नकोस.

आप्पांना भेटायचं राहिलं. शेवटची यष्टी चुकली असती. तुझी अव्वा गेल्यापासून घर सुनं वाटतं, असं तूच म्हणाला होतास, तेव्हा पुढच्या वेळी नक्की जाईन. तुझी महेश्वरी दिसली. दहावीला आली ना? वाटेत मला पाहून ती मैत्रिणींना सोडून दुसऱ्या बोळानं गेली. पोरी या वयात लाजऱ्या होतात.

इंद्रजित


कळंब, १ डिसेंबर

शंभू,

तुझं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, खाली नाव नाही, पण अक्षर तुझंच. "आप्पांना पारावर बसू देत नाहीत. 'फितुराचं घर' म्हणतात. महेश्वरी शाळेतून रडत येते. तिच्या शिक्षणासाठी तिला आजोबांकडं ठेवली, ती यासाठी नव्हे. येळवसला ये आणि हे सगळं तू रचलंस असं सगळ्यांपुढं सांग."

मी ते अयोध्येला वाचायला दिलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडं बघून मागूनच घेतलं.

आता खरं लिहितो. दिवाळीत मी यष्टीनं गेलोच नव्हतो, मोटारसायकलवर होतो. तुमच्या घरावरून दोनदा गेलो. आप्पा ओट्यावर एकटेच बसले होते. पहिल्यांदा वाटलं, परतताना थांबू. परतताना मी वेग वाढवला.

शेवटचं प्रकरण कसं झालं तेही ऐक. लढाई लिहून संपली, दौलोजी मेला, आणि माझ्या लक्षात आलं, की पुस्तक पडणार. मेलेला वीर आणि एक दगड, पुढं काय? तेव्हा मला आप्पा आठवले. भूकंप झाला ते साल. गाव उजाड झालं होतं, आपण सगळे पत्र्याच्या शेडमध्ये होतो. येळवसला कुणाच्या शेतात पूजा झाली नव्हती. आप्पा तांब्यात करडीचं तेल घेऊन जुन्या गावठाणात ढिगाऱ्यांतून वाट काढत दगडाकडं गेले. मागं तू आणि मी. तू विचारलंस, कशाला घालायचं तेल. आप्पा म्हणाले, "माज्या बापानं घातलं. त्येला दुसरं कोन हाय?"

एवढंच होतं. यात काही कमी आहे असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. पण लिहायला बसल्यावर हे उत्तर मला पुरेना. विनाकारण कुणी पिढ्यान्पिढ्या तेल घालील, हे वाचकाला पटणार नाही असं वाटलं. कारण हवं, आणि कारण म्हणून पाप हवं. मी लिहून टाकलं, की हे घर प्रायश्चित्त करतं आहे. ते वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून अंगणात फेऱ्या मारल्या, इतका आनंद झाला होता. ज्या प्रकरणावर महाराष्ट्रभर लोक रडतात ते हे प्रकरण. आप्पांच्या चांगुलपणातून मी ते काढलं आणि त्यांच्याच तोंडाला फासलं. याची मला लाज वाटते, शंभू. आडनाव घातलं नाही म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो. दगड तोच, दिवस तोच, तेल तेच ठेवून आडनाव कशाला घालावं लागतं?

आणि दगडावर घोडा तरी कुठं आहे? खालच्या चौकटीत गाई आहेत. कुणीतरी दुसऱ्याची गुरं हाकून नेत असताना त्याला आडवा गेलेला एखादा साधा माणूस असेल. मला ते ठाऊक होतं. पण गाईंसाठी मेलेल्या माणसावर कोण सात आवृत्त्या काढतो?

आपण दोघं चिंचेखाली बसून असली पुस्तकं वाचायचो, आठवतं? एक पान तू मोठ्यानं, एक मी. जेवायला हाका मारून अव्वा दमायची. त्यात काय सापडायचं आपल्याला, याचा मी अलीकडं पुष्कळ विचार केला. मला वाटतं, लढाईत सगळं उघड असतं. कोण आपला, कोण शूर, कोण विकला गेला. शाळेत आणि भावकीत मला हे कधीच धड कळलेलं नाही. पुस्तक मिटल्यावर माणूस थोडा वेळ ताठ चालतो. ते ताठ चालणं खोटं नसतं, म्हणून तर हमाल रडतो आणि युवराज वाचायला लागतो. पण त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी भरायची असते. माझ्या गढीत एकाही घोड्यानं लीद टाकली नाही. वेढ्यात अडकलेल्या बायका काय खात होत्या हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी त्यांना दोनदा ओवाळायला बाहेर आणलं आणि परत आत पाठवून दिलं. जे मला ठाऊक नव्हतं तिथं मी तुतारी वाजवली. आणि जे ठाऊक होतं, ते आप्पांचं होतं.

येळवसला मी येतो. सगळ्यांपुढं सांगतो. अगदी सुरुवातीला, कार्यक्रमाच्या आधी.

इंद्रजित


कळंब, १७ डिसेंबर

शंभू,

सांगणार आहेच. फक्त कसं सांगावं याचा विचार चालला आहे.

प्रकाशकांचा फोन होता. त्यांना कुठून तरी कळलं. म्हणाले, लेखकानं असं चव्हाट्यावर सांगायचं नसतं, वाचकाचा विश्वास असतो. आठव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत दोन ओळी घालू म्हणतात, सर्व पात्रे काल्पनिक वगैरे. मी म्हटलं, गावात प्रस्तावना कोण वाचतं. तरी त्यांचं म्हणणं अगदीच चूक आहे असं नाही. एका दमात सगळं खोटं म्हटलं, तर युवराजसारख्या पोरांचं काय होईल? पुन्हा पुस्तक हातात धरतील का?

एक मधला मार्ग सुचतो. आप्पांनी त्या दिवशी जाऊच नये. थंडी आहे, वयही झालं आहे, बरं नाही म्हणून सांगता येईल. मग पोरांचा बेत आपोआप बारगळेल, कुणाचा अपमान नाही, आणि मी पुढं सावकाश लेख लिहून खुलासा करीन. तू आप्पांना तसं कळवतोस का?

हे अयोध्येला दाखवलं. ती म्हणाली, "तुमाला सांगायचं न्हाय तर सांगू नका. पर त्या म्हाताऱ्याला घरात कोंडून बसा म्हनून तेवढं सांगू नका." तरी मी हे पत्र पाठवतो आहे. मी कुठवर घसरलो ते तुला कळायला हवं.

इंद्रजित


कळंब, ३१ डिसेंबर

शंभू,

कालची येळवस झाली. तुला फोनवर पोरांचे व्हिडिओ आले असतील. आज सकाळीच कुणीतरी मलाही पाठवला, खाली लाल हृदयं होती. व्हिडिओत जे नाही ते लिहितो.

शेतातली पूजा आटोपून, भज्जी-आंबील खाऊन माणसं जुन्या गावठाणाकडं येत होती. बाया, लेकरं, शेजारच्या गावचेही. बोरीबाभळी तोडून जागा केली होती. मी ठरवल्याप्रमाणं युवराजला म्हणालो, मला आधी बोलायचं आहे. तो हात जोडून म्हणाला, "सर, तुमी शेवटी. तुमच्यानंतर कुनाचं कोन ऐकंल?" आणि शंभू, मी बरं म्हणालो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मी खुर्चीत टेकून बसलो, कुणीतरी दिलेला चहा घेतला.

फटाके झाले. युवराजनं दौलोजीचं अखेरचं भाषण म्हटलं. छान म्हटलं. तेवढ्यात ओढ्याकडून आप्पा येताना दिसले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी येऊ नका असंही सांगितलं नव्हतं. तू माझं म्हणणं त्यांना कळवलं नाहीस, ते बरं केलंस. धुतलेलं धोतर, कपाळाला भस्म, डोक्याला पटका, हातात तेलाचा तांब्या. बरोबर महेश्वरी. ते दर वर्षी येतात तसेच आले होते. मंडप पाहून जरा थबकले, मग गर्दीतून वाट काढत दगडापाशी गेले.

युवराज उर्मटपणे वागला नाही, हे मला सांगितलं पाहिजे. तो आप्पांच्या पाया पडला. मग म्हणाला, "आज्जा, तेवढा पटका काढा. वहाना बी."

"का रं?"

"पुस्तकात तसं हाय."

आप्पांनी मंचाकडं पाहिलं. माझ्याकडं. रागानं नाही, आपण एखाद्याला वेळ विचारतो तसं. माईक माझ्यासमोर होता. हात लांब केला असता तर पुरे होतं. मी चहाचा कप खुर्चीखाली ठेवायला वाकलो. वर पाहिलं तेव्हा आप्पांनी पटका काढून महेश्वरीच्या हातात दिला होता.

त्यांचं उघडं डोकं मी कधी पाहिलं नव्हतं. पांढरे, बारीक कापलेले केस, आणि मागं भूकंपात लागलेली खूण. ते अनवाणी पुढं झाले, वाकले, तेल ओतू लागले. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. आणि माझ्या अंगावर काटा आला, शंभू. तो शरमेचा नव्हता. मला वाटलं, अगदी मी लिहिलं तसंच. असंच दिसेल असं वाटलं होतं. तुझा बाप माझ्यासमोर उघडा उभा होता आणि मी माझ्या लिहिण्यावर खूश होत होतो. हे मी अयोध्येलाही सांगितलेलं नाही. तुला सांगतो, कारण याहून खालचं माझ्यात आता काही उरलेलं नाही.

नंतर मी उठलो आणि बोललो. सगळं बोललो. दौलोजी झाला नाही, बसाप्पा झाला नाही, गढी मी बांधली, दार मीच उघडलं. या घरानं कधी कुणाला फसवलेलं नाही, हे घर तेल घालतं कारण दुसरं कुणी घालत नाही. थांबलो तेव्हा टाळ्या पडल्या.

पुढच्या रांगेतला एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "सर लई मोठ्या मनाचं. म्हाताऱ्याला सांभाळून घेत्यात." मी पुन्हा सांगितलं. दगडाच्या खालच्या चौकटीत गाई आहेत, या आणि बघा म्हणालो. दोघं-तिघं वाकून बघून आले. एक म्हणाला, "गढीतल्याच गाई असत्याल की." युवराजचा चेहरा मात्र उतरला होता. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "सर, इतकं खरं लिवलाव. आता का भ्यालाव? कुनी दम दिला काय?" मी लिहिलं तेव्हा त्यानं विश्वास ठेवला, बोललो तेव्हा नाही. लिहिताना मी चांगलं लिहिलं होतं. मग त्यांनी मला शाल घातली.

संध्याकाळी तुमच्या घरी गेलो. आप्पा दारातच "बारप्पा, ये" म्हणाले, लहानपणी म्हणायचे तसं. चहा ठेवायला लावला. मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं, तर त्यांनी खांद्याला धरून उठवलं.

"आप्पा, तुम्ही पटका का काढलात? नाही म्हणायचं होतं."

"त्या दगडासमूर काढायला काय लागतंय? पोरं अडून बसली असती, तेल तसंच ऱ्हायलं असतं." मग म्हणाले, "माजं काय न्हाय रं. ह्या पोरीचं बग. म्या शपथ घिऊन सांगितलं, आपल्यातलं कुनी दार उघडलं न्हाय. ऐकत न्हाय. पुस्तकच म्होरं करती."

मला तोवर कळलंच नव्हतं, शंभू. मी समजत होतो, महेश्वरी लोकांच्या बोलण्यानं रडते. ती रडत होती, कारण तिला ते खरं वाटत होतं. तुझ्या लेकीनं माझी कादंबरी वाचून तिच्या आजोबांच्या घरावरचा विश्वास सोडला होता.

ती दाराशी उभी होती. मी तिला म्हटलं, बाळा, मंडपात बोललो ते खरं आहे. बसाप्पा मी रचला. ती म्हणाली, "मग त्याच्या मनातलं कसं लिहिलं?" म्हटलं, म्हणजे? तर तिनं पान न उघडता सांगितलं. बसाप्पा दुष्ट नसतो. त्याला नुसतं वाटतं, आपल्याला कुणीतरी मोठं म्हणावं. तो कडीला हात लावून उभा राहतो आणि आपल्याच माणसांकडं बघायचं टाळतो. मनात म्हणतो, आत्ता नको, थोड्या वेळानं बंद करू. "असं कुणी उगंच रचतं का काका? ते वाचताना मला तो दिसला."

मी उठून तिच्यापुढं गेलो. मग तिला सांगितलं, ते रचलेलं नाही, ते खरंच आहे. पण ते तुमच्या घरातल्या कुणाचं नाही, माझं आहे. मी कसा आहे ते मला ठाऊक होतं, तेवढं त्याच्या अंगावर घातलं. आज आजोबा पटका काढत होते तेव्हा माईक माझ्यापुढं होता, आणि मी खाली वाकलो.

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. म्हणाली, "व्हय. मी बघत होते तुमाला."

मग ती आत गेली, आजोबांचा पटका झटकून घेऊन आली आणि त्यांच्या मागं उभी राहून बांधायला लागली. तुमच्या घराबद्दल तिला आता शंका नाही. माझ्याबद्दलही नाही.

इंद्रजित